पुलाखाली राहणारे नक्की कोण असतात, आणि निवाऱ्यात का जात नाहीत?

अर्धा_चहा (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर रण पेटलंय. समोरच्या उड्डाणपुलाखाली चार-पाच कुटुंबं राहतात. सेक्रेटरी म्हणतात, पालिकेत तक्रार करून गाडी बोलवू. एक काकू म्हणतात, "फुकट निवारा असतो तरी जात नाहीत, म्हणजे यांना रस्त्यावरच राहायचंय." तिसऱ्या गृहस्थांच्या मते हे सगळे राज्याबाहेरचे. प्रत्यक्षात त्यातली गजरे विकणारी बाई चांगलं सोलापूरकडचं मराठी बोलते. शेजारचा माणूस रोज सकाळी थापी आणि ओळंबा घेऊन कामावर जातो. एक म्हातारे बाबा आहेत, ते कुणाशीच बोलत नाहीत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रस्त्यावर येणारी ही माणसं कोण असतात, कशामुळे येतात? आणि निवारा असूनही तिथे का जात नाहीत? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा. ज्ञान ग्रुपवर भरपूर मिळालंय, माहिती हवी आहे.

टोळभैरव

कटू बोलतो. निम्म्यांचं गावाला घर असतं. सिग्नलवर दिवसाला हजार सुटतात, भाडं नाही, लाइटबिल नाही. बाकीचे दारुडे. कुणी का जाईल निवाऱ्यात?

मिसळ_हाफ_प्लेट

हजार रोज? टोळभैरव, सिग्नल कुठला तेवढं कळवा, मी उद्याच राजीनामा टाकतो.

नाक्यावरचा_नाना

मी बरीच वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो. ठाणे, कल्याण, नवी मुंबई, सगळीकडचे मजूर नाके पाहिलेत. थापी-ओळंबावाला माणूस काय करत असेल ते सांगतो.

सकाळी सातच्या आत नाक्यावर उभं राहावं लागतं. आठ वाजले की ठेकेदार निघून जातात, दिवस वाया. बिगाऱ्याला सहाशे-सातशे, गवंड्याला त्याहून बरं. ऐकायला मोठं वाटतं, पण महिन्यात काम किती दिवस मिळेल याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात तर नाक्यावर नुसती गर्दी. त्यातले निम्मे पैसे गावी जातात, कारण तिथे उचल घेतलेली असते, नाहीतर म्हातारी माणसं असतात.

आता खोली. गोवंडी-मानखुर्दकडे दहा बाय दहाची खोली घ्यायची तर पाच-सहा हजार भाडं आणि चाळीस-पन्नास हजार डिपॉझिट. वर दलाली, वर आधार कार्ड, वर ओळखीचा माणूस. भाडं जमेल हो एखाद्याला. डिपॉझिट कुठून आणायचं? त्यात नाका आहे दादरला नि खोली मानखुर्दला. सातच्या आत पोचायचं तर जाण्या-येण्याचा खर्च रोजचा, काम मिळो न मिळो.

म्हणून माणूस नाक्याजवळ आडवा होतो. आमच्या साइटवरचा एक मिस्त्री काम असेपर्यंत साइटवरच झोपायचा. स्लॅब संपला, रंगाऱ्यांचं काम सुरू झालं की पुलाखाली. पुढची साइट लागली की परत आत. वर्षातून किती वेळा तो बेघर व्हायचा आणि किती वेळा घरवाला, त्यालाही सांगता आलं नसतं. दारू प्यायचा का? प्यायचा. मीही पितो, माझ्याकडे फ्लॅट आहे.

टोळभैरव

नाना, शेवटचं वाक्य आवडलं. पण गावाला घर असतं हा माझा मुद्दा तुम्ही खोडला नाहीत.

नाक्यावरचा_नाना

कशाला खोडू? असतं की काहींचं. घरात काय खायचं ते मात्र नसतं.

वकीलीणबाई

नानांनी आत्ता सांगितलेलं १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रेकॉर्डवर आलंय. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. जुलै १९८१ मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना फूटपाथवरच्या झोपड्या तोडून लोकांना त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरलं, तेव्हाचं प्रकरण. अर्जदार अंगमुथू तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, १९६१ पासून मुंबईत. झोपडी पाडून कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. तो कामासाठी परत आलाच.

पण मला त्या निकालातला दुसरा माणूस जास्त लक्षात राहिलाय, आपल्या संगमनेरचा. गावी चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. घर पडलं म्हणून मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार लागला. तुळशीवाडीला फूटपाथवरची जागा मिळवायला स्थानिक गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० गेले. म्हणजे पगाराच्या जवळजवळ तिप्पट रक्कम मोजून हा माणूस "फुकट" राहत होता. तेव्हाही डिपॉझिट होतंच, फक्त घेणारा वेगळा.

निकालात न्यायालयाने मान्य केलं की उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो, आणि फूटपाथवरून हटवलं की माणसाचं काम जातं. ते मान्य करूनही नोटीस देऊन झोपड्या काढायला परवानगी दिली. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या म्हणाले. ज्यांच्याकडे कागद नव्हता ते तसेच राहिले.

मिसळ_हाफ_प्लेट

हक्क मंजूर, जागा नामंजूर.

सदाफुली७

कागदावरून आठवलं. मी पारधी वस्त्यांमध्ये मुलांच्या शाळाप्रवेशाचं काम करते. अर्धा_चहा, तुमची गजरेवाली कोण हे मी न पाहता सांगणार नाही. पण मुंबई-पुण्याच्या पुलांखाली गजरे, लिंबू-मिरच्या, फुगे विकणाऱ्यांत सोलापूर, धाराशिव, बीड, नगरकडच्या पारधी कुटुंबांची संख्या मोठी आहे. ग्रुपवरच्या त्या "राज्याबाहेरचे" वाल्या गृहस्थांना हे जरूर कळवा.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्माला आलेलं मूलच गुन्हेगार, पोलिसांत हजेरी, तारेच्या कुंपणातली वसाहत. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय काही रद्द झाला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर. हे लोक फासे लावून शिकार करायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद झाली. कायदा योग्यच होता, पण त्यांना बदल्यात काही मिळालं नाही. जमीन नाही, गाव वेशीच्या आत घेत नाही. शहरात निदान कुणी आडनाव विचारत नाही.

आता कागद. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणजे जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. पालात राहणाऱ्या आजोबांनी १९५० सालचा कागद कुठे ठेवायचा होता? आणि असलेले कागदही टिकत नाहीत. म्युन्सिपाल्टीची गाडी येते तेव्हा बोचकंच उचलून नेते. त्यात मुलांची पुस्तकं, रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड. म्हणून आमच्या वस्तीतल्या बायका आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवतात, आंघोळीला सुलभमध्ये जातानासुद्धा. हातात आधी पिशवी, मग साबण.

टोळभैरव

सदाफुली, हे नव्हतं माहीत. पण एक सरळ प्रश्न. फूटपाथ चालणाऱ्यांचा ना? माझ्या आईचा गुडघा दुखतो, तिला त्यांच्यामुळे रस्त्यात उतरून चालावं लागतं. तिचा हक्क कोणत्या अनुच्छेदात?

वकीलीणबाई

प्रश्न रास्त आहे आणि त्याच निकालात आहे. फूटपाथ पादचाऱ्यांसाठीच असं न्यायालय स्पष्ट म्हणालंय. म्हणून तर परवानगी दिली.

कोल्हापुरी_पांढरा

आणि तिथे झोपणाऱ्यांनाही ती जागा सुरक्षित नसतेच. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीला फूटपाथवर झोपलेल्या मजुरांवर रात्री डंपर चढला. मेलेल्यांत दोन लहान मुलं. अमरावतीकडून कामाला आलेली माणसं होती. मी त्याच रस्त्याने ऑफिसला जातो.

डॉक्टर_रात्रपाळी

ते न बोलणारे बाबा. बहुतेक लोक त्यांच्याबद्दल लिहिणारच नाहीत, म्हणून लिहितो.

रस्त्यावरच्या माणसांत मानसिक आजार असलेल्यांचा गट वेगळा काढून पाहावा लागतो, कारण यांचं दुखणं भाड्याचं नसतं. बरेचदा स्किझोफ्रेनिया असतो. भ्रमात माणूस घरातून निघतो, गाडीत बसतो, भलत्याच राज्यात उतरतो. भाषा येत नाही, पत्ता सांगता येत नाही. घरचे शोधत असतात. बायका असतील तर त्यांचे हाल विचारूच नका. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा पुनर्वसन संस्था हेच काम करते: उचलायचं, उपचार करायचे, पत्ता काढायचा, घरी पोचवायचं. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत माणूस स्वतःचं नाव-गाव सांगायला लागतो, असं मीही वॉर्डात पाहिलंय. पुढचा प्रश्न गोळ्या चालू राहण्याचा. गावात गोळ्या मिळाल्या नाहीत की तोच माणूस पुन्हा स्टेशनवर.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. अर्धा_चहा, पोलीस ठाण्यात गेलात तर "तक्रार" म्हणू नका, या कायद्याचं नाव घ्या.

झुंजूमुंजू

बायकांबद्दल कुणीतरी लिहा म्हणून थांबले होते, शेवटी मीच लिहिते.

पुरुषाचं काम जातं तेव्हा तो रस्त्यावर येतो. बाईचं नातं तुटलं की ती येते. आमच्याकडे वीस वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशी. नवरा गेला, खोली दिराच्या नावावर. पोरगा सुनेचं ऐकून म्हणाला, "तू काही दिवस मावशीकडे जा." काही दिवस म्हणजे कायमचं. आधी बहिणीकडे, मग भाचीकडे, मग देवळाच्या पडवीत. आम्हाला कळू दिलं नाही, रोज वेळेवर पोळ्या. केसांचा वास यायला लागला तेव्हा मी विचारलं. कपडे आमच्याच जिन्याखालच्या मीटरबॉक्समागे ठेवलेले.

आईवडिलांना पोटगी देण्याचा २००७ चा कायदा आहे, अर्ज करा म्हटलं तर म्हणाल्या, "पोराला कोर्टात उभं करू होय?"

आणि माहेरचं काय, माराला कंटाळून निघालेल्या पोरीला माहेरचे चार दिवस ठेवतात. पाचव्या दिवशी समजूत घालून परत पाठवतात. ती परत गेली नाही तर कुठे जाईल?

उंबरठा

झुंजूमुंजू, मावशी आता कुठे आहेत?

झुंजूमुंजू

एका महिलाश्रमात. आमच्याकडे येणं बंद झालं, लांब पडतं. पोळीवाली नवीन आहे.

उंबरठा

एक गट राहिलाच. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फूटपाथवर झोपणारे. बाबांच्या उपचारांच्या वेळी रोज बघायचो. बिहार, बंगाल, विदर्भ. गावी पक्की घरं, शेती, मुलगा शिक्षक. पण केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये परत जाणं परवडत नाही, आणि परळमध्ये खोली कोण देणार? पेशंटच्या डोक्याला रुमाल, हाताला सुई टोचलेली, शेजारी एक्स-रेचं पाकीट भिंतीला उभं. टोळभैरव, गावाला घर असून रस्त्यावर असलेली ही माणसं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागला की सुटल्यासारखं वाटायचं त्यांना.

कोल्हापुरी_पांढरा

गाडगेबाबांनी देऊळ नाही बांधलं, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई. ज्या माणसाने स्वतः खापराचं गाडगं आणि चिंध्या घेऊन रस्त्यावर आयुष्य काढलं, त्याला बरोबर कळलं होतं की लोकांना काय लागतं.

मिसळ_हाफ_प्लेट

आजच्या हिशेबाने बाबांनाही मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचललं असतं. १९५९ चा, अजून आहे.

वकीलीणबाई

विनोद नाही हा. उपजीविकेचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा माणूसही त्या कायद्यात भिकारी ठरू शकतो. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची मुख्य कलमं तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे चालू.

सिअ‍ॅटलकर

इथे अमेरिकेत जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या गणनेत ७.७ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. माझ्या ऑफिसच्या पार्किंगच्या पलीकडे लोक गाडीत राहतात, त्यातले काही सुपरमार्केटमध्ये कामाला आहेत. भाडं एवढं वाढलंय. पण एक गट इथे खरोखर कमी झाला, माजी सैनिकांचा. २०१० मध्ये सुमारे ७४ हजार होते, २०२४ मध्ये ३३ हजारांच्या आसपास. त्यांना घरभाड्याचं व्हाउचर आणि जोडीला केसवर्कर, म्हणजे पाठपुरावा करणारा माणूस, दिला. दारू आधी सोडा, मग घर देतो अशी अट घातली नाही.

टोळभैरव

सैनिकांबद्दल सहानुभूती असते म्हणून पैसा निघाला. पुलाखालच्यांसाठी कोण काढणार?

सिअ‍ॅटलकर

हो, अगदी तेच. बाकीच्यांचा आकडा वाढलाच.

आकडेमोड

आपले आकडे कुणीच दिले नाहीत म्हणून. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर, त्यातले शहरांत ९.४ लाख. २००१ मध्ये एकूण १९.४ लाख होते. म्हणजे एकूण घटले, पण शहरांतले वाढले. मुंबईत ५७ हजारांच्या वर. ही मोजणी २८ फेब्रुवारी २०११ या एकाच रात्री झाली. त्या रात्री नानांचा मिस्त्री साइटवर झोपला असेल तर तो यात नाही. लग्नसराईत केटरिंगवाल्याच्या टेम्पोत झोपणारी पोरंही नसणार. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे बरीच वर्षं हेच आकडे वापरले गेले.

संपादक_मंडळ

धाग्यावरचे दोन प्रतिसाद विशिष्ट समाजाबद्दल अनुदार असल्याने काढले आहेत. विषयावर राहा.

मिसळ_हाफ_प्लेट

मी फक्त मिसळीबद्दल बोललो होतो, माझा नाही ना काढला?

रात्रीचा_राखणदार

बरेच दिवस वाचक आहे, पहिल्यांदा लिहितोय. मी एका शहरातल्या रात्रनिवाऱ्यात काळजीवाहक होतो. शहराचं नाव सांगत नाही. धागाकर्तीचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय.

आमचा निवारा पुरुषांचा. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. नवरा-बायको-पोरं आली तर काय करायचं? नवऱ्याला इथे, बायकोला महिलांच्या निवाऱ्यात, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. चौदा वर्षांचा मुलगा आईबरोबर चालत नाही, बापाबरोबर ठेवायलाही नियम आडवा येतो. पुलाखाली निदान सगळे एका ताडपत्रीत असतात. तुमची गजरेवाली पहाटे फुलबाजारात जाऊन कळ्या आणणार, दिवसभर ओवणार, रात्री सिग्नलवर विकणार. आमचं दार रात्री दहाला बंद. तिचा धंदा तेव्हा कुठे सुरू होतो.

सामानाचं वेगळंच. हातगाडी आत घेता येत नाही. भंगार गोळा करणाऱ्याचं पोतं आत आणू दिलं तर इतर ओरडतात, बाहेर ठेवलं तर सकाळी गायब. दुपारी झोपायला मिळत नाही, मग रात्रपाळीचा वॉचमन काय करेल? नियमाप्रमाणे निवारा चोवीस तास उघडा हवा, आमच्याकडे सकाळी साफसफाईच्या नावाखाली सगळ्यांना बाहेर काढायचे. आणि एकदा दोन तृतीयपंथी आल्या. पुरुषांत झोपायला त्या तयार नाहीत, महिलांच्या निवाऱ्याने घेतलं नाही. माझ्या टेबलाशेजारी खुर्च्यांवर रात्र काढून गेल्या.

थंडीत मात्र भरायचा. एकटे म्हातारे, नवीनच शहरात उतरलेली पोरं, पाय मोडलेला हमाल. त्यांच्यासाठी चांगली जागा होती, उगाच नावं ठेवत नाही. गाद्या धुतलेल्या असायच्या, डॉक्टर यायचा. पण "जात नाहीत" असं ज्यांच्याबद्दल म्हणतात ते कुटुंबवाले, आणि त्यांच्यासाठी निवारा बांधलेलाच नसतो.

आकडेमोड

संख्येचंही बघा. एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक निवारा असं प्रमाण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्न हक्काच्या खटल्यात तसा आदेश दिला, पुढे राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातही तेच. मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी धरली तर सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे कधी झाले नाहीत. झाले असते तरी साडेबारा हजार खाटा, आणि माणसं ५७ हजार.

वकीलीणबाई

राखणदार, लिहीत राहा हो. या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

टोळभैरव

मान्य, दहाला दार बंद हा मूर्खपणा आहे. तरी आईला फूटपाथ हवाच. दोन्ही होईल असं काहीतरी सांगा.

सदाफुली७

भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन या त्यांच्या संघटनेतून हेच करून दाखवलं. १९८५ मध्ये स्पार्क संस्थेने तिथल्या सुमारे ६ हजार कुटुंबांची पाहणी केली. बायकांनी स्वतः बचत गट चालवले, घरं कशी हवीत ते साड्या टांगून मापं घेऊन ठरवलं. पुढे काही कुटुंबं मानखुर्दच्या पक्क्या घरांत गेली. तेवढा फूटपाथ मोकळा झाला. पण वेळ किती लागला? लहान पोरी आज्या झाल्या. आणि मानखुर्दहून भायखळ्याच्या धुण्याभांड्याच्या कामांना रोज यायचं म्हणजे नानांचं गणित पुन्हा आहेच.

अर्धा_चहा (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. राखणदारांचा प्रतिसाद आणि टोळभैरवांचा फूटपाथवाला मुद्दा दोन्ही ग्रुपवर टाकलेत. सेक्रेटरींनी अंगठा दिलाय, तो कशाला ते कळलं नाही. बाबांसाठी उद्या डॉक्टर_रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जातेय.

गजरेवालीशी बोलले. तिला मतदार ओळखपत्र हवंय. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कुणीतरी परत पाठवलं होतं. काही करता येतं का?

वकीलीणबाई

येतं. नमुना ६ भरायचा, पत्ता म्हणून ती झोपते ती जागा लिहायची. बेघरांसाठी निवडणूक आयोगाची सूचनाच आहे: केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन ती खरंच तिथे झोपते का ते पाहायचं, एकाहून जास्त रात्री. पटलं तर पत्त्याचा कागद लागत नाही. परत पाठवलं तर ही सूचना दाखवा.

सदाफुली७

आणि तेवढे दिवस गाडी येणार नाही एवढं पाहा. नाहीतर अधिकारी यायचा आणि ही पुढच्या पुलाखाली.

नाक्यावरचा_नाना

पत्त्यात नुसतं "पुलाखाली" लिहू नका, कुणाला सापडणार नाही. पुलाच्या खांबांवर नंबर रंगवलेले असतात, तो लिहा. आणि रात्री अकरानंतर या म्हणावं, त्याआधी ती सिग्नलवर असणार.

मिसळ_हाफ_प्लेट

पिनकोड तुमच्याच सोसायटीचा लागेल. सेक्रेटरींना आत्ताच सांगू नका.

अर्धा_चहा (धागाकर्ती)

ते इथे वाचनमात्र असतात हो.